चौदा दिवसांचं निरीक्षण

९ जानेवारी

प्रिय मोती,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. माझे कोंबडीचे पाय अजून सुधारलेले नाहीत. ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून दिलं असशील, तर तेही समजू शकते. पण मग हे वाक्य तू वाचतच नाहीयेस, तेव्हा त्याची काळजी करून उपयोग नाही.

तुझा पत्ता लायब्ररीवालीने दिला. आठवते ना? वसतिगृहातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कमरेला लटकवून मिरवायची ती. परवा दातांच्या दवाखान्यात रांगेत भेटली. म्हणाली, मोतीचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, नवरा बरोबरीने काम करतो, मुलगा बारावीला आहे आणि मोती अगदी ठणठणीत आहे. 'ठणठणीत' हा शब्द तिने दोनदा वापरला. ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझा नंबर पुकारला तोच मला ऐकू आला नाही, आणि मागची बाई आत घुसली.

माझं म्हणशील तर ठीक चाललं आहे. नवरा वीज कंपनीत आहे, घरात बल्ब बदलायला मात्र बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. मुलगी नोकरीला लागली, लांब राहते, रविवारी फोन करते. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत विचारायची, "तुझी ती मोती काय करते गं?" मी म्हणायचे, "मजेत आहे." मला काय माहीत होतं, कप्पाळ!

आणि मी काय करते, सांगू? हसशील. गेली एकोणीस वर्षं मी कॉलेजात शिकवते, आणि तेही अपसामान्य मानसशास्त्रच. तृतीय वर्ष, पेपर पाचवा. आपलाच पेपर. पहिल्या तासाला मी सरांचंच वाक्य जसंच्या तसं फेकते, "हे पुस्तक वाचताना पहिल्या महिन्यात यातले निम्मे आजार तुम्हाला झालेत असं वाटेल, दुसऱ्या महिन्यात ते शेजारणीला झालेत याची खात्री पटेल." मुली हसतात. आपणही हसलो होतो. सर मात्र हसले नव्हते, ते शर्टाच्या खिशात खडू शोधत होते.

हे वाक्य बोलताना दरवर्षी मला आपली खोली दिसते. तेवीस नंबर. दुसरा मजला, जिना चढून उजवीकडे, दारासमोर कपडे वाळत घालायची दोरी, त्यामुळे आत शिरताना रोज कोणाच्या तरी ओल्या बाहीची थप्पड गालावर. एक टेबल, त्यावर एक दिवा, दोन लोखंडी खाटा. उजेड दोघींना मिळावा म्हणून आपण खाटा ओढून खिडकीखाली जोडून टाकल्या होत्या. मधल्या फटीत पेन्सिली, पिना, चहाचा चमचा, काय वाट्टेल ते पडायचं, आणि तू दर रविवारी पट्टीने ते सगळं बाहेर काढायचीस. पुस्तक दोघींत एक. मी मोठ्याने वाचायचे, तू लिहून घ्यायचीस. कारण उघड होतं. मोत्यासारखं अक्षर! अख्खा वर्ग तुझ्याच नोट्स उतरवून पास व्हायचा. त्यावरून तुला मोती म्हणायला लागलो, तर तू आठवडाभर फुरंगटून बसलीस, "मोती कुत्र्याचं नाव असतं." मग माझं नाव मनी ठेवलं, मांजरीचं, तेव्हा कुठे तुझी समजूत पटली.

आणि चिठ्ठ्या! मोती, त्या चिठ्ठ्या आठवल्या की मी अजून वर्गात एकटीच हसते आणि मुली एकमेकींकडे बघतात. ज्याला जो आजार त्याची चिठ्ठी त्याच्या दाराखालून सरकवायची. पहिली गेली मेसच्या स्वयंपाकीण बाईंना, त्या ताटं चार-चारदा मोजायच्या म्हणून. त्यांनी ती चिठ्ठी वाण्याची यादी समजून पिशवीत टाकली. रेक्टरबाई दाराला कान लावायच्या, म्हणून त्यांना आपण संशयविकार लावला. 'इतर लोक आपल्याविरुद्ध काहीतरी बोलत आहेत असा ठाम समज.' पुढे माझ्या लक्षात आलं, अगं, आपण खरंच बोलत होतो की त्यांच्याविरुद्ध. समोरच्या खोलीतली सदा मुसमुसणारी, तिला आपण नैराश्य दिलं. दाढ काढली आणि तिचं नैराश्य त्याच दुपारी गेलं. मला पालीचा भयगंड. त्यात विनोद काहीच नव्हता, पाली खरोखर होत्या.

तुला काही सापडेना. अख्खं पुस्तक उलटंपालटं केलं. तू चिडलीस, "मलाच काही नाही? हा कुठला न्याय?" शेवटी मी तुला चिठ्ठी लिहून दिली, 'रुग्ण निरोगी आहे, इलाज नाही.' तू ती आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलीस.

दुसऱ्या वर्षाला सरांनी आपल्याला मनोरुग्णालय बघायला नेलं होतं. बायकांच्या विणकामाच्या खोलीत आपण वह्या घेऊन उभ्या होतो. एका म्हाताऱ्या बाईने सुया खाली ठेवून विचारलं, "बघायला आलात का भेटायला?" सगळ्यांची ततपप झाली. मी तर तिचा प्रश्नच वहीत लिहून घेतला. तू म्हणालीस, "भेटायला, आजी," आणि तिच्याशेजारी बसून लोकर धरलीस. परतताना बसमध्ये तुझ्या ओढणीला पिवळी लोकर चिकटलेली होती. मी ती गोष्ट आता दरवर्षी मुलींना सांगते. तुझं नाव न घेता, 'माझी एक मैत्रीण' म्हणून.

मग तिसरं वर्ष. सरांनी केस स्टडी दिली, तिची मुदत एक मार्च होती. त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन किती वाढलं होतं! पत्र्याच्या पाण्याच्या टाकीतून दुपारी गरम पाणी यायचं, आठवतं?

असो. फारच लांबलं. गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि त्यावरून तुला लिहायचं मनात आलं. प्रश्न काय, ते पुढे कधीतरी. तू खुशाली कळव. वाटलं तरच.

तुझी
मनी


२१ जानेवारी

मनीबाई,

पत्र पोचलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, उभ्या उभ्या वाचलं. नवऱ्याने विचारलं कोणाचं, मी म्हटलं मांजरीचं. तो मुकाट्याने मशीनमध्ये कागद भरायला गेला. बरा आहे बिचारा.

आठ पानं लिहिलीस. त्यात स्वयंपाकीण बाईंची ताटं आहेत, रेक्टरबाईंचे कान आहेत, समोरचीची दाढ आहे. आणि फेब्रुवारी आला तर काय, ऊन! एकोणीस वर्षं शिकवून तुला एवढं तरी कळत असेल की माणूस एकदम हवापाण्यावर आलं की ते काहीतरी गिळतंय. मला झेरॉक्सच्या मशीनवर उभं राहून कळतं.

तुझी आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. वसतिगृहावर आली की माझ्या केसांना तेल लावून द्यायची. तुझ्या आधी माझ्या.

माझं बरं आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. अठ्ठावीस वर्षांत तीनदा घसरले, तिन्ही वेळा घरच्यांनी वेळेत धरलं. मुलाला सगळं माहीत आहे. मी भराभर बोलायला लागले की तो घड्याळ बघतो, आणि मग आम्ही डॉक्टरांकडे जातो.

दर मार्चमध्ये इथल्या कॉलेजातल्या मुली केस स्टडी बाइंडिंगला आणतात. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, उद्या हवं म्हणून हात धुवून मागे लागतात. मी वाचते सगळ्या. चोरून नाही, पानं लावताना दिसतातच. कोणाचा काका असतो, कोणाची शेजारीण. सगळे 'क्ष' असतात. एका वर्षी अठरा 'क्ष' एकावर एक रचून ठेवले होते, त्यांच्यावर मी डबा ठेवून जेवले.

पुढचं मला माहीत आहे, मनी. त्या जूनमध्ये डिपार्टमेंटच्या पायरीवर बसून वाचलंय. पण तुझ्याकडून ऐकलेलं नाही. लिहायचं असेल तर ते लिही. नसेल तर थांब. रद्दी माझ्याकडे पुष्कळ आहे.

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. थंडीत मनगट आखडतं.

मोती

(दुकानात मला सगळे वहिनी म्हणतात. हे नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं.)


२ फेब्रुवारी

प्रिय मोती,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. आता दार लावून बसले आहे. आज ऊन नाही, पाऊस नाही, काही नाही.

सरांनी आपल्याला छापील फॉर्म दिला होता. नऊ मुद्दे. नावाऐवजी 'क्ष' लिहायचं, किमान चौदा दिवसांचं निरीक्षण जोडायचं, आणि निरीक्षकाने स्वतःला नोंदीत कुठेही आणायचं नाही. सगळ्यांनी माणसं हेरली. कोणाला फाटकाजवळचा बडबड्या म्हातारा मिळाला, कोणाला मावसबहीण. माझ्या हाताला कोणी लागेना. फेब्रुवारी उजाडला तरी माझा फॉर्म कोरा होता.

दहा तारखेला तू पुन्हा चिठ्ठ्या लिहायला घेतल्यास. खेळ केव्हाच संपला होता, म्हणून मला गंमत वाटली. दोन दिवसांत बासष्ट मुलींच्या बासष्ट चिठ्ठ्या झाल्या. मग चिठ्ठीची पानं झाली, एकेकीला तीन-तीन पानं. मुली जिन्यावर बसून मोठ्याने वाचायच्या, पोट धरून हसायच्या आणि आणखी मागायच्या. तू झोपणं सोडलंस. जेवताना बोलायचीस, अंघोळ करताना बोलायचीस. हातातलं घड्याळ इस्त्रीवाल्याला देऊन टाकलंस, कारण त्याला वेळेची जास्त गरज आहे. सगळ्यांना ते तुझ्या विनोदातच जमा वाटलं. आपण वर्षभर ज्याला-त्याला वेडं ठरवून इतकं हसलो होतो की खरा आजार दारात येऊन उभा राहिला, तरी तो चिठ्ठी घेऊन आलाय असंच वाटलं सगळ्यांना.

मला मात्र तसं वाटलं नाही. हेच ते, मोती, जे मी आठ पानांत लिहू शकले नाही.

पंधरा तारखेला, म्हणजे सहाव्या दिवशी, तू अंघोळीला गेली असताना मी पुस्तकातलं उन्मादाचं प्रकरण उघडलं. सात लक्षणं दिली होती. सातच्या सातही आपल्या खोलीत हजर होती. मला घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. मला विषय मिळाला होता.

टेलिफोन खाली रेक्टरबाईंच्या खोलीत होता. काकांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, नंबर आपल्या टेबलाच्या फळीवर तूच लिहून ठेवला होतास. चौतीस पायऱ्या उतरायच्या होत्या फक्त. मी बोटांवर मोजलं, चौदावा दिवस तेवीस तारखेला येतो. स्वतःला बजावलं, तेवीसला संध्याकाळी फोन करायचा. आणि वही काढून मागचे पाच दिवस आठवून आठवून भरले.

बावीसला दुपारी तू चप्पल न घालता चौकात गेलीस आणि गाड्यांना हात करून थांबवायला लागलीस. मी फुटपाथवर उभी होते. वही हातात होती. मी हाका मारल्या, खरंच मारल्या, पण तोवर स्कूटर आली होती.

उजवं मनगट. तुझंच, आणि तेही उजवं. मी तेव्हापासून कोणाचं सुरेख अक्षर बघितलं की तोंड फिरवते.

चौदाव्या दिवसाची नोंद मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिली, 'विषय शांत आहे.' तू शांत होतीस कारण तुला इंजेक्शन दिलं होतं. संध्याकाळी काका आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू होतीस म्हणून बरं, पोरी." मी मूग गिळून उभी राहिले. काका आता नसतील कदाचित. असतील, तर त्यांना हे सांग.

विसापैकी अठरा मिळाले. सरांनी फाइल वर्गात वाचून दाखवली, नाव न घेता, आणि पहिल्या अर्ध्या पानात सगळ्यांनी तुला ओळखलं. वर शेरा होता, 'निरीक्षण उत्कृष्ट. तटस्थता वाखाणण्याजोगी.'

जूनमध्ये तू ट्रंक न्यायला आलीस हे मला शिपाईमामांनी सांगितलं असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. ते खोटं आहे. मी वरच्या खिडकीत होते. तू पायरीवर बसून फायलींच्या खोक्यातून ती काढताना, शेवटपर्यंत वाचताना, परत नीट जागेवर ठेवताना मी बघितलं. मग काकांनी ट्रंक उचलली आणि तू उजवा हात अंगाशी धरून त्यांच्यामागे गेलीस. एकदा वर बघितलंस. मी मागे सरकले.

तू कुठल्या पानावर थांबली होतीस, ते वरून दिसत नव्हतं. पण मला माहीत आहे. सहावा मुद्दा, सामाजिक संबंध. 'वसतिगृहात विषयाला निकटची मैत्रीण नाही.' निरीक्षकाने नोंदीत यायचं नाही ना! मी स्वतःला वगळलं, आणि मग तिथे कोणी उरलंच नाही, म्हणून मी तसं लिहिलं. लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. माझ्या वर्गात माझा एक नियम आहे. केस स्टडी माझ्याकडे येण्याआधी ज्याच्यावर लिहिली त्याला वाचून दाखवायची आणि त्याच्या हातात पेन्सिल द्यायची. त्याने काहीही खोडावं. खोडल्याचे मार्क मी कापत नाही. पोरी याला बाईंची पेन्सिल म्हणतात, इतर प्राध्यापक मागून हसतात. डिसेंबरमध्ये हा नियम सांगत होते तर मागच्या बाकावरची एक उठली. "मॅडम, तुमच्या केसवर कोणी पेन्सिल फिरवली होती?"

मी म्हटलं, "आमच्या वेळी असं नव्हतं."

"मग आता दाखवा ना," ती म्हणाली आणि बसली. तिला कुठे माहीत होतं ती काय बोलली ते.

फाइल सोबत पाठवते आहे. त्या दिवशी तू गेल्यावर मी ती खोक्यातून उचलून आणली; अठ्ठावीस वर्षं कपाटात साड्यांच्या खाली होती, म्हणून डांबरगोळ्यांचा वास येतो. मी त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. सहाव्या मुद्द्यावर रेघ मारायला हात फार शिवशिवत होता, पण ती पेन्सिल माझी नाही. ती पाकिटात आहे, टोक काढून ठेवलं आहे. सगळं खोड. फाडून टाक. किंवा तशीच ठेव. मार्चमध्ये माझ्या मुली आपापल्या फायली घेऊन येतील, त्यांच्यासमोर तो नियम घेऊन उभं राहण्याआधी मला तुझं उत्तर हवं आहे. नाही आलं, तर नियम तसाच ठेवीन, पण पुन्हा 'माझी एक मैत्रीण' म्हणून ती पिवळ्या लोकरीची गोष्ट सांगणार नाही. तो हक्क मला राहणार नाही.

माझं चुकलं, मोती. तू आजारी आहेस हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि मी ते वहीला सांगितलं.

कोणाची, ते न लिहिता,
मनी


१६ फेब्रुवारी

मनी,

फाइल परत पाठवते आहे. टपालाने फार मळली होती, म्हणून नवं कव्हर घालून बाइंडिंग करून दिलं. नवरा म्हणाला, एवढी मेहनत? मी म्हटलं, माझं चरित्र आहे.

बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगायची गरज नव्हती. मी फाइल परत खोक्यात ठेवत असताना त्यांनी पहिलं पान वाचलं होतं. घरी येऊन त्यांनी ट्रंक खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, "ती पण लहानच आहे." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

तुझी पेन्सिल घेऊन काउंटरवर बसले. निदानाला हात लावला नाही. ते बरोबर होतं, डॉक्टरांनी तेच सांगितलं, तुझ्यानंतर. सहा ते तेरा हे दिवसही तसेच ठेवलेत. ते मी खोडणार नाही आणि विसरलेही नाही. ते तुझे तुला सांभाळायचेत. पंधरा तारखेला खाली जाऊन फोन केला असतास, तर माझं मनगट शाबूत असतं. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही.

सहावा मुद्दाही खोडला नाही. अठ्ठावीस वर्षं मनात खोडला, तो जाईना. आता वाटलं, राहू दे. मुलींना दाखवायला उपयोगी पडेल.

चौदाव्या दिवसापाशी मात्र मी थोडी भर घातली आहे. तुझ्या नियमात फक्त खोडणं आहे, भर घालणं नाही. नियम अपुरा आहे, दुरुस्त कर. तू लिहिलंस, 'विषय शांत आहे.' त्यापुढे मी लिहिलंय, 'विषयाचं तोंड कोरडं पडलं होतं. कोणीतरी दिवसभर ओल्या फडक्याने ओठ पुसत होतं, आणि ते रडत होतं. ते कोण, याची नोंद नाही.' इंजेक्शन दिलं होतं हे खरं, पण मी तितकी काही झोपले नव्हते.

एवढं मोठं निरीक्षण तू गाळलंस, तेव्हा तुझे मार्क कापावे लागले. अठराचे नऊ केलेत. सरांच्या शेऱ्याखाली माझा शेरा लिहिला आहे. आता माझंही अक्षर कोंबडीच्या पायांचंच आहे, तुला लागणार नाही, म्हणून इथे सावकाश उतरवते:

निरीक्षण अपुरं. खोलीत दोन खाटा होत्या. पुन्हा लिहून आणणे.

पोस्टाने पाठवू नकोस. दुकान सोमवारी बंद असतं. वही आणलीस तर चालेल, पण भेटायला ये.

तुझीच,
कु. क्ष